प्रणोतीच्या गाठी कशाने विरल्या

आमच्या शहरातल्या गढा भागात, भस्मवाले महाराजांच्या अंगणात त्या मंगळवारी चारेकशे माणसं होती. महाराजांनी टेबलावर उभी केली होती ती माझी मुलगी, सात वर्षांची प्रणोती.

“देखो इसके गाल!” महाराज गरजले. “महीना भर पहले हड्डी थी, हड्डी! गले में नींबू जैसी गांठें! जिस दवा के लिए अमेरिका अभी चूहे पकड़ रहा है, वो हमने सीधे बच्चों पर सिद्ध कर दी!”

टाळ्या पडल्या. बायांनी पुढे येऊन प्रणोतीचा गळा चाचपला. गाठी खरोखरच नव्हत्या; महाराजांच्या भस्माच्या पुड्या आठ दिवस दिल्या आणि त्या विरल्या होत्या. महाराजांनी आयुष्यात उंदीरही पकडला नसेल, हे मला आज सुचतं. तेव्हा मीही टाळ्या वाजवत होतो.

एवढंच नाही. मी इथल्या एका हिंदी दैनिकात वार्ताहर आहे. ‘आठ दिन में गल गई गांठ’ ही बातमी माझीच. ती वाचूनच ही गर्दी जमली होती. बावीस वर्षं मी भाजीचा भावसुद्धा दोन ठिकाणी विचारून छापला; ही बातमी मात्र मुलीच्या गळ्यावर हात फिरवून छापली.

पाच आठवड्यांत गाठी परत आल्या, आधीपेक्षा मोठ्या. मग आम्ही रुग्णालय गाठलं. लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कर्करोग. डॉक्टर विभावरी म्हणाल्या, एका नव्या इंजेक्शनची चाचणी सुरू आहे, रीतसर परवानगीने. प्रणोतीला त्यात घेता येईल.

“आधी कुठलं औषध दिलंत? स्टेरॉइड वगैरे? ते दिलेली मुलं या चाचणीत चालत नाहीत.”

“नाही,” मी म्हणालो. भस्माचं नाव काढायची लाज वाटली. आणि भस्म म्हणजे काय औषध?

पहिला आठवडा फक्त गोळ्या, आठव्या दिवशी इंजेक्शन. पहिल्याच सकाळी सुहासिनीने, माझ्या बायकोने, गोळी कुटून पाण्यात दिली. प्रणोतीने तोंड वाकडं केलं.

“आई, हे तर महाराजचं भस्मच आहे! सेम कडू. गुड़ दे ना जल्दी!”

“औषधं सगळीच कडू असतात, बेटा,” मी घाईने म्हणालो.

सुहासिनीने चमचा चाटून पाहिला. “अहो, भस्म मी स्वतः चाखलं होतं. हेच आहे. सांगा डॉक्टरांना.”

“चाचणीतून नाव कटेल तिचं.”

“आणि नाही सांगितलं तर? काहून गप्प बसून राहिले तुम्ही?”

तिने पर्समधून उरलेली पुडी काढली आणि एकटीच डॉक्टरांच्या खोलीकडे निघाली. मी मागून गेलो.

तिसऱ्या दिवशी पुडीचा अहवाल आला. राखेत स्टेरॉइड मिसळलेलं होतं. आमच्या गोळीत होतं तेच.

“याने अशा गाठी काही दिवस विरतात,” विभावरी म्हणाल्या. “भूक वाढते, तोंड सुजतं. तुम्हाला जे बाळसं वाटलं ती सूज होती. आम्हीही हेच देतो, पण सोबत बाकीची औषधं असतात. नुसतं हेच दिलं की नाजूक पेशी मरतात आणि चिवट तेवढ्या मागे राहतात.”

“आणि चाचणी?”

“नाव काढावं लागेल. आता नेहमीचे उपचार, पण जास्त कडक; पाठीच्या कण्यातही जास्त सुया द्याव्या लागतील. तुम्ही गप्प राहिला असतात तर चिवट आजाराला चाचणीतलं सौम्य औषध गेलं असतं.”

“बरी होईल ना?” सुहासिनीने विचारलं.

“होऊ शकते. भस्माआधी आला असतात तर मी जास्त खात्रीने बोलले असते.”

अहवाल मी छापला, डॉक्टरांशी बोललेलं खोटंही छापलं. त्याच दुपारी एका आईचा फोन आला. “भैया, आपकी पहली खबर पढ़कर ही गए थे. अब क्या करें?”

तिला सांगितलं तेच इथे लिहितो. रोग उतरलेला डोळ्यांनी दिसला, तरी तो कशाने उतरला ते विचारा. पुडी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा आणि मुलाला काय काय दिलं ते सगळं सांगा. लाज वाटेल. मला वाटली, म्हणून मी खोटं बोललो. पण त्या भस्मापायी वाढलेल्या सुया मला नाही, प्रणोतीच्या पाठीत टोचतात.