ओ देणारा

"मुका? अवो काका, मघापासनं शिट्ट्या घालून डोकं उठवलंन यानं माझं!" पाखरांच्या दुकानातला प्रथमेश हसत म्हणाला.

हरिश्चंद्रने काउंटरवरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. तांडेल चोच उघडत होता, मिटत होता. गळ्यावरची पिसं थरथरत होती. पण आवाज? छे! दुकानातला पंखा ऐकू येत होता. रस्त्यावरून एस.टी. गेली, तीही ऐकू आली. प्रथमेशचं बोलणं तोंडाकडे बघितलं की कळत होतं. तांडेलची शिट्टी तेवढी कुठे नव्हती.

हा तांडेल म्हणजे घरचा पोपट. हिरवा नव्हे. राखाडी अंग, पिवळा तुरा आणि गालावर नारिंगी टिकल्या, असला परदेशी जातीचा. मुलीने, सानिकाने, हौसेने आणलान आणि लग्न होऊन देवरूखला गेली ती त्याला इथेच ठेवून. दांडीवर उभा राहून बोटीवरच्या म्होरक्यासारखा सगळ्या घरावर हुकूम सोडायचा, म्हणून नाव तांडेल. आणि जीव कुणावर, तर हरिश्चंद्रवर. सकाळी तो हत्यारांची पिशवी घेऊन बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायला निघाला की हा पडवीतून शिट्टी मारायचा. हरिश्चंद्र पाखाडीच्या पायऱ्या उतरून वळणावर थांबायचा आणि शिट्टीनेच ओ द्यायचा. मग स्वारी निवांत. आळीतल्या बायका हसायच्या, म्हणायच्या, बायकोला कधी एवढी ओ दिली नसेल मिस्त्रींनी.

गणपतीनंतर मात्र तांडेल गप्प झाला. म्हणजे हरिश्चंद्रने तसं धरलं आणि वळणावर थांबून ओ देणं सोडलं. पुढे तो छातीची पिसं उपटायला लागला, आणि आता तर छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी पडली होती. बघवत नव्हतं. हरिश्चंद्रची बायको मालनच एके दिवशी म्हणाली, "एकटा पडलाय तो. जोडीदार आणूया त्याला." म्हणून तर आज दोघं रिक्षा करून, पिंजरा मांडीवर घेऊन, मारुती मंदिराजवळच्या या दुकानात आली होती.

हरिश्चंद्र बायकोकडे वळला. मालन कोपऱ्यातलं राळ्याचं पोतं असं निरखत होती, जणू आयुष्यात राळे पहिल्यांदा बघतेय. मालनला गप्प बसता येतं, खोटं बोलता येत नाही. खोटं बोलायची वेळ आली की आधी तिची नजर दुसरीकडे जाते.

"तुला ठाऊक होतं?"

"काय ता?"

"हा ओरडतोय आणि मला ऐकू येत नाय, हे."

मालनने पोत्यावरची नजर काढली. "रोज ओरडतो. तुम्ही वळणावरनं दिसेनासे होता तरी ओरडतो. मग दमतो आणि पिसं उपटत बसतो."

"आणि बोलली नाहीस?"

"बोलले असते तर दुसऱ्या दिवसापासनं बंदरावर गेला नसतात तुम्ही. वळखत नाय मी तुम्हाला? इंजिनाचा आवाज येतो ना?"

"येतो."

"मग झालं!"

झालं कसलं? सारा जन्म हरिश्चंद्रने कानावर काढलेला. इंजिन सुरू करा म्हणायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं कुठे ते सांगायचा. आज शिट्टी गेली, उद्या इंजिन जाईल. मग बोटीवर कोण बोलवील बहिऱ्या मिस्त्रीला? पण ते उद्याचं. आज हा मुका जीव... मुका कसला, हाका मारून मारून स्वतःला सोलून घेणारा हा जीव समोर होता. त्याच्यापुढे लाज वाटली हरिश्चंद्रला. एवढे महिने हाक मारत होता बिचारा, आणि आपण त्यालाच मुका म्हणत होतो.

"ही पिवळी बघा," मालन विषय बदलत म्हणाली. "हळद लागल्यासारखी दिसते. पडवीत शोभेल."

"शोभेला काय करायचंय? ओ देते काय ते बघू."

"तुम्ही कसं बघणार?" ती बोलून गेली आणि जीभ चावली.

हरिश्चंद्र विचार करत राहिला. चार सिलिंडरमधला कुठला मेलाय ते कळेना झालं की मिस्त्री काय करतो? एकेक बंद करून बघतो आणि फरक पडतो का ते पाहतो. इथे एकेक चालू करून बघायचं. आपल्याला ऐकू येत नसेल, तांडेलला येतं ना? मग बघायचं तांडेलकडे.

"प्रथमेश, मागे परसू हाय ना तुझ्या?"

तांडेलला त्याने परसात नेऊन ठेवलं, दुकानातल्या कलकलाटापासून लांब. प्रथमेशने एकेक पक्षी छोट्या पिंजऱ्यातून दगडी गडग्यापलीकडे न्यायचा. दिसता कामा नये. प्रथमेशला आधी हसू आलं, मग त्यालाही उत्सुकता लागली.

पहिली गेली पिवळी. तांडेलचा गळा हलला. तो थांबला, वाट बघितलीन. तुरा डोक्याला चिकटलेलाच. पुन्हा गळा हलला, पुन्हा वाट. काही नाही.

दुसरा गेला. काही नाही. तिसरी पांढरी, तिचंही तेच. मालन पदराशी चाळा करत उभी. हरिश्चंद्र उकिडवा बसलेला, नजर तांडेलच्या तुऱ्यावर.

मग प्रथमेशने चौथा नेला. तांडेलचा गळा हलला आणि तुरा ताडकन उभा राहिला! मान गडग्याकडे वळली. एक पाय वर उचललेला तसाच राहिला. तो ऐकत होता. पुन्हा गळा हलला. थांबला. ऐकलंन. पुन्हा हलला.

"देतोय," हरिश्चंद्र ओरडला. "अगो, हा चौथा ओ देतोय!"

मालनने जोरजोरात मान हलवली. डोळे भरले होते तिचे.

गडग्यावरून प्रथमेशचं डोकं वर आलं. "काका, पण हा नर हाय. अंडी-पिल्लं काय नाय व्हायची. आणि शेपटी बघा, अर्धी झडलीय."

"मला काय पाळणा हलवायचाय? ओ देणारा पायजे."

नव्याला काही दिवस वेगळा ठेवा, असं प्रथमेशने बजावलं होतं. म्हणून तो मागच्या पडवीत आणि तांडेल पुढच्या. मधे सगळं घर. तरी दोघांचे तुरे दिवसभर उभे असायचे. हरिश्चंद्र या पिंजऱ्याकडून त्या पिंजऱ्याकडे जाऊन बघून यायचा. पुढे पिंजरे शेजारी आले, आणि तांडेलच्या छातीवर राखाडी कोंब दिसायला लागले.

सकाळची व्यवस्था मालनने लावली. हरिश्चंद्रने वळणावर थांबून मागे बघायचं. तांडेलने शिट्टी मारली की ती पडवीच्या पायरीवरून हात वर करणार. हात दिसला की यानं ओ द्यायची. स्वतःची शिट्टी त्याला ऐकू येत नव्हती, नुसती ओठांवर हवा कळायची. तरी वळणावर थांबणं चुकलं नाही.

आजही तो थांबला. मागे वळला. मालन पायरीवर उभी होती. हात खाली. तो वाट बघत राहिला. मालनने पिंजऱ्याकडे बघितलं. तिथे बराच वेळ बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं, पुन्हा पिंजऱ्याकडे, आणि हळूच हात वर केला.

हरिश्चंद्र समजला, आज तांडेलने हाक मारलीच नव्हती; ओ देणारा आता त्याच्या शेजारीच होता. त्याने पिशवी खाली ठेवली, छाती भरून श्वास घेतला आणि घराकडे तोंड करून शिट्टी घातली.