पानबुवाच्या वाडग्यातली साखर

मालवणजवळच्या त्या वाडीत रविवारी पानबुवाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नसे. बुवा मधुमेह्याचा हात पाण्याच्या वाडग्यात बुडवायचा, त्यात पाल्याची पुरचुंडी पिळायचा, सगळ्यांना डोळे मिटायला लावायचा आणि गाऱ्हाणं घालायचा. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या आंगातली साखर भायर काढ रे म्हाराजा!" मांडव गरजायचा, "होय म्हाराजा!" मग ग्रामदेवता, राखणदार, पूर्वज, एकेकाची आळवणी लांबतच जायची. डोळे उघडावेत तर पाणी थिजलेलं! बुवा करवंटीने हिरवी वडी कापून रोग्याच्या हातावर ठेवी. ही तुझी साखर, हिला समुद्रात सोड आणि आजपासून सुई बंद, नाहीतर गेलेली साखर परत अंगात शिरेल, असं बजावी. मेल्याची जीभ कशी झडली नाही, देव जाणे.

जुलियाना टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, विज्ञान शिकवलेल्या. त्यांचा धाकटा भाऊ कॉस्मे रोज इन्सुलिन घेई. चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारा हा पठ्ठ्या मांडवातही पुढेच जाऊन बसला आणि घरी येऊन त्याने सुया कचऱ्यात टाकल्या. चार दिवसांत घसा कोरडा, तांब्यामागून तांब्या पाणी, जेवता जेवता डोळा लागायचा. टीचरनी विनवलं, रागावल्या, डॉक्टरकडे चल म्हणाल्या. त्याचं एकच पालुपद.

"बाय, साखर माझ्या डोळ्यांदेखत भायर पडली."

"डोळे तर तू मिटले होतेस," त्या म्हणाल्या.

समुद्रात सोडायला त्याने मांडवातून आणलेल्या वडीला पानाचा एक मऊ, लवदार तुकडा चिकटून आला होता. टीचरनी तो ओळखला. वासनवेल! गावातल्या प्रत्येक गडग्यावर, दगडी कुंपणावर चढते, गुरंही तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांनी मूठभर पानं तोडली, पाण्यात चुरली, गाळली आणि चहाचं आधण ठेवलं. चहा पिऊन होईतो वाटीतलं पाणी घट्ट झालं. बुवाला हवा होता तो एवढाच वेळ. आणि आपल्याकडे गाऱ्हाणं मध्येच तोडायची कुणाची छाती नाही, हे त्या भामट्याने बरोबर हेरलं होतं.

डॉक्टरकडे यायला कॉस्मे तयार नव्हता, मांडवात मात्र एका पायावर तयार. म्हणून रविवारी टीचरही गेल्या. बुवाने दुसऱ्या रोग्याचा हात बुडवला, तेव्हा त्यांनी आपलं पातेलं पुढ्यात घेतलं, पाला पिळला आणि त्यात जांभ्या दगडाचा तुकडा सोडला. गाऱ्हाण्याला मोठ्याने "होय म्हाराजा"सुद्धा म्हणाल्या. लोकांनी डोळे उघडले तर दोन्हीकडे हिरवी वडी. टीचरनी पातेलं उपडं केलं.

"बुवा, माझ्या दगडाक कधीपासून साखर झाली?"

मांडवात खसखस पिकली. बुवा ओशाळतो कसला! दगडातही देव असतो, त्याचीच ही कृपा, म्हणाला. टीचरनी वाद घातला नाही. त्यांनी कॉस्मेचं बोट टोचलं आणि थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीवर घेतला. यंत्राला आकडा दाखवता येईना. मोजता येण्यापलीकडे साखर, एवढंच अक्षरांत उमटलं. कॉस्मेने ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"बाय, माका ने," तो म्हणाला. त्याला धड उठवत नव्हतं.

गाडी येईतो रांगेतल्या विमलाने विचारलं, पान मग खोटं का?

"पान खरं आहे, विमला. त्यातला चिकट पदार्थ पाणी धरून ठेवतो, म्हणून ते थिजतं. असल्या पदार्थांनी खाल्लेली साखर रक्तात सावकाश उतरते का, हे शास्त्रज्ञ तपासताहेत. तपासू देत. पण वाडग्यात थिजतो तो पाला. तुझ्या रक्तातली साखर तिथल्या तिथेच असते."

कणकवलीच्या रुग्णालयात कॉस्मे वाचला. इन्सुलिनने वाचला. शेजारच्या खाटेवरचा माणूसही त्याच मांडवातून आलेला; त्यानेही सुई सोडली होती. त्याला आणायला घरच्यांनी फार उशीर केला. तो शुद्धीवर आलाच नाही.

लोकहो, कुणाला नमस्कार करायचा तो खुशाल करा. पण चालू औषध बंद कर म्हणणारा भेटला, तर आधी रक्त तपासून घ्या. देवाचा त्याने काही अपमान होत नाही, आणि माणूस वाचतो.