डावीकडचं एक नाव

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. भिलाईच्या एका सेक्टरमध्ये मराठी मंडळाचं वाचनालय आहे, तिथल्या भिंतीवर गेली चौतीस वर्षं टांगलेला. कोपरे गंजले, एक खिळा सुटला, म्हणून तिरपाच असतो. कोणी सरळ करत नाही, आणि मीही आता कुरकुरत नाही.

मला पुंडलिकरावांनी घडवलं. ते इथल्या स्टील प्लांटात रोलिंग मिलमध्ये होते. ड्युटी संपली की रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन बसायचे. शिवजयंतीला मुलांसाठी त्यांनी माझ्यावर रंगवलं, 'सन १६३०'. डावीकडे जन्म : शिवाजी महाराज. उजवीकडे मृत्यू : ग्रहांच्या वाटा शोधणारा केप्लर. "त्या साली अजून कोन गेलं?" असं विचारून मुलं त्यांना भंडावून सोडायची.

"एकच साल आनते बी अन् नेते बी," पुंडलिकराव म्हणायचे.

खाली बरीच जागा उरली होती. मग मंडळात रीतच पडली. कोणाच्या घरी पाळणा हलला की खडूने डावीकडे नाव, कोणी गेलं की उजवीकडे. गुढीपाडव्याला दोन्ही बाजू पुसायच्या. काय सांगू, एकेका वर्षी डावीकडे जागा पुरत नसे! लोक पेढे खाऊन माझ्यावरच बोटं पुसायचे. तेव्हा मला भारी राग यायचा. आज ती चिकट बोटं आठवली की रडू येतं.

पुढे मुलं नोकरीसाठी बाहेर गेली, बाळं तिकडेच जन्मली. यंदा उजवीकडे पाच नावं आहेत. पहिलं पुंडलिकरावांचंच. डावीकडे एकही नाही. त्यातच खोली रिकामी करायची नोटीस आली. सोमवारी मी भंगारात जाणार.

शनिवारी पुंडलिकरावांच्या पत्नी वच्छलाबाई आल्या. वाचनालय सांभाळणाऱ्या सुमेधकडे त्यांनी खडू मागितला.

"पुण्यात आमच्या रूपेश-रश्मीले पोरगी झाली, तीन महिने झाले. तिचं नाव लिहाले पायजे. एक तरी पायजे ना बापा, त्याइच्या फलकावर."

"काय नाव ठेवलं, काकू?"

"अजून बारसं कुठं झालं! मले बोलावल्याशिवाय करन का तो? थांब, काय ठरवून राहिले, इचारतो."

त्यांनी स्पीकर लावून मुलाला फोन केला.

"आई, नाव तर ठेवलं ना! बारसं मागच्याच महिन्यात झालं. छोटा-सा फंक्शन था. रश्मीनं तुले सांगतलं नाही का?"

सुमेध उगाच पुस्तकांचे गठ्ठे बांधायला लागला.

"काय ठेवलं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"समीक्षा."

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी डावीकडे 'समीक्षा' लिहिलं. शेवटचं अक्षर घसरलं. त्यांनी ते पदराने पुसून पुन्हा लिहिलं. अंगावर इतकी नावं घेतली मी, पण एवढं जड एकही नव्हतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पत्र्याचं काय, वितळून दुसरं काहीतरी होईल. पण घरात बाळाचं नाव ठेवाल, तेव्हा आधी आजीला सांगा. आपल्या नातीचं नाव कोणत्याही आजीला असं फोन करून विचारावं लागू नये.