मुदत

सोनबाने फोन कानाला लावून पाहिला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा तळहातावर ठेवला. दुपारी बारापासून तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. काचेआडून प्रियदर्शनीने ते पाहिलं आणि मान खाली घालून ती फॉर्म भरू लागली.

त्या फोनची मुदत परवाच संपली होती.

नव्व्याण्णव सालचा मार्च होता. बारामतीत मोबाइलची दोन दुकानं समोरासमोर उभी राहिली होती. तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. समोरच्या कंपनीने तो दर निम्म्यावर आणला, तसं इकडच्या कंपनीने पंधरा दिवसांचं स्वस्त कार्ड काढलं. आत पैसे शिल्लक असले तरी मुदत सरली की फोन मुका. जाणारा बंद, येणाराही बंद.

“मुदतीचं कुणी विचारलं तरच बोलायचं,” दुकानाचे मालक हिंदुराव म्हणाले होते. “महिन्याला वीस गिऱ्हाइकं झाली न्हाईत, तर एक तारखेपासनं तुमी घरी.”

वडील दम्याने अंथरुणाला खिळल्यापासून वालचंदनगरचं घर प्रियदर्शनीच्या पगारावर चालत होतं. आणि सोनबाला धरूनच तिची वीस गिऱ्हाइकं जेमतेम भरत होती. सहा मेंढ्या विकून त्याने जुना फोन आणि ते कार्ड घेतलं. मुदतीचं त्याने विचारलं नाही. एवढंच विचारलं, “टेंभुर्णीचा फोन हितं लागतो का?”

लागत होता, पण बारामतीतच. सणसरच्या त्याच्या वस्तीवर रेंजच नव्हती. म्हणून तो रोज एसटीने येऊन पायरीवर बसे. लेक सारजा टेंभुर्णीला दिलेली. सासू दुपारी झोपली, तरच तिला टेलिफोन बूथपर्यंत जाता येई.

कार्ड घेतल्याच्या चौथ्या दिवशी, नऊ तारखेला, फोन वाजला. सोनबा उभा राहून ऐकत राहिला आणि तसाच स्टँडकडे पळाला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा चेहरा उतरलेला होता.

“नवरा मारतो तिला, ताई. जावयाचं पाय धरून आलो. म्हनला, आता हात न्हाय लावणार. सारजाला सांगितलंय, लावला तर फोन कर. त्याच दिशी घिऊन येतो.”

आणि आता तो मुका फोन घेऊन बसला होता.

फॉर्म ठेवून प्रियदर्शनी हिंदुरावांकडे गेली.

“सोनबाआबांना नवं कार्ड घ्यायला सांगते.”

“त्याच्याकडं कुठलं पैसं? कळलं की बोंब मारत समोरच्या दुकानात जाईल. गेला की तुमच्या विसातनं वजा. एकतीसपर्यंत दम धरा.”

तिने धरला. काचेकडे पाठ करून बसायला ती शिकली.

एकतीस तारखेला संध्याकाळी चार वाजता हिंदुरावांनी पगाराचं पाकीट दिलं. “एप्रिलपासनं कायम,” ते म्हणाले. प्रियदर्शनीने त्याच पाकिटातून पैसे काढले, एक महिन्याचं कार्ड घेतलं, पावती फाडली आणि बाहेर धावली.

“आबा, फोन द्या जरा.”

“ऱ्हाऊ द्या, ताई.” सोनबा हसत होता. एवढ्या दिवसांत ती त्याला हसताना पहिल्यांदाच पाहत होती. “उद्यापासनं येत न्हाय मी. बावीस दिस झालं, एक फोन न्हाय. म्हंजी शब्द पाळला जावयानं. पोरगी सुखात हाय.”

त्यातले पहिले अकरा दिवस खरे होते; पुढचे अकरा फोनच मुका होता. तिने कार्ड मुठीत धरलं.

“तुमच्यामुळं झालं हे,” तो म्हणाला. “न्हायतर मला कळलं असतं का?”

तिने तोंड उघडलं. आतून हिंदुराव बघत होते. ती थांबली, पण त्यांच्यामुळे नाही.

“खरंच सुखात असंल ना, ताई?”

“हो, आबा,” ती म्हणाली.

सोनबा सणसरच्या एसटीत बसला. खिडकीतून त्याने हात केला. गाडी वळेपर्यंत प्रियदर्शनी उभी राहिली, मग आत आली. कार्ड तिने कपाटात इतर कार्डांत ठेवलं, पावती रद्द केली आणि आपले पैसे पुन्हा पाकिटात घातले.