टाके टिकावेत म्हणून बोललेला कोंबडा

वजन उतरलं नाही तर इन्सुलिनची सुई, असं डॉक्टरांनी बजावल्यावर गुरुदासकाकांनी तोंडातून दुर्बीण घालून पोटाला आतून टाके मारून घेतले. काका सुईला इतके घाबरतात की सदऱ्याचं बटणही काकूंना दुसऱ्या खोलीत जाऊन लावावं लागतं.

टाके टिकावेत म्हणून सत्यवतीकाकूंनी गावच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं आणि दर अमावास्येला कोंबड्याचा नवस बोलल्या. राखणदार पावला. पहिल्या अमावास्येला काका दोन चमचे रसा पिऊन तृप्त झाले. दिवाळीला वडा गेला, शिमग्यानंतरच्या अमावास्येला चार वडे गेले. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, त्यामुळे पोटाचाही नाइलाज झाला.

वर्षाने डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली.

"टाके सैल झालेत, जठर पसरलंय. काळानुसार थोडं होतंच, तुमचं फार झालंय. काय खाता?"

"नवस," काका म्हणाले.

"पुन्हा टाके घालू. पण ही शेवटची संधी. यापुढे सुईच."

बाहेर बाकावर काकू हात जोडून बसल्या होत्या. "भियां नको. ह्या खेपेक बोकड बोललंय. टाके टिकले की दर म्हयन्याक."

काकांनी तिथेच चपला काढल्या. मग हात जोडून डोळे मिटले.

"बा म्हाराजा, टाके टिकले तर हिका कळाक देऊ नको."

"व्हय म्हाराजा," रांगेतले सगळे पेशंट गाऱ्हाण्याच्या सवयीने म्हणाले. काकूसुद्धा.