तेल बदलायला दोन माणसं

गाडीच्या इंजिनातलं तेल बदलायची खरं तर काहीएक गरज नव्हती. वर्षभरात गाडी फिरली कितीशी? दवाखाना, किराणा, आणि एकदा उगाच हवा खायला. पण रविवार उजाडला, चहा झाला, पेपर वाचून झाला, तोच पेपर पुन्हा वाचून झाला, आणि फोरमनने ठरवलं की आज तेल बदलायचं. एखादी गोष्ट टाळायची असली की माणसाला दुसरी दहा कामं आपोआप दिसायला लागतात.

टाळायचा होता बायकोचा फोन. मुलाला मूल झालं म्हणून ती त्याच्याकडे गेली होती, विमानाशिवाय पोचता येणार नाही इतक्या लांब. जाताना "थोडे महिने" म्हणाली होती. नातू पालथा पडला, रांगला, आता घरभर पळत होता, आणि थोड्या महिन्यांचं तेवढं कुणी बोलत नव्हतं. मागच्या रविवारी तीच म्हणाली, "हा म्हणतोय, आई, आता कायमचीच राहा. तुमचं काय म्हणणं आहे?" फोरमनच्या तोंडातून निघालं ते असं, "बघू. पुढच्या रविवारी सांगतो." जणू एखाद्या कामगाराने रजेचा अर्जच पुढे केला होता!

निवृत्त होऊन जमाना झाला तरी गल्ली त्याला फोरमनच म्हणायची. त्याच्या एका आवाजात अख्खा कारखाना चिडीचूप व्हायचा. पण "परत ये" हे दोन शब्द काही त्याच्या घशाबाहेर पडत नव्हते. कारण ती निघाली तेव्हा छाती पुढे काढून यानेच सांगितलं होतं, "खुशाल जा. माझं काय अडतंय?" आता हे शब्द गिळायचे कसे? पुरुषाच्या जातीला स्वतःचे शब्द पचत नाहीत, आणि फोरमनची तर पचनशक्ती आधीच नाजूक होती.

घराला लागून पत्र्याची शेड होती. तिथे त्याने गाडी जरा वेळ नुसती चालू ठेवली, म्हणजे तेल गरम होऊन पातळ होतं. मग जॅकने पुढचा भाग उचलला, खाली आधाराला लोखंडी घोडे लावले, मागच्या चाकांना विटांची अडण दिली आणि गाडीला दोन-तीनदा हलवून बघितलं. घमेलं घेऊन तो पाठीवर झोपून आत सरकला. गुडघ्याने कुरकुर केली. "गप," फोरमन त्याला म्हणाला. हल्ली तो गुडघ्याशी, कुकरशी, दाराच्या कडीशी, सगळ्यांशी बोलायचा. यांपैकी कुणी उलटून बोलत नसे, आणि फोरमनला आता त्याचाच राग यायचा.

खालचा बोल्ट सुटला, तेलाची धार घमेल्यात पडू लागली. तेल फारसं काळंही झालं नव्हतं. पूर्वी बदलायचा तेव्हा कसं डांबरासारखं निघायचं! तिची शाळेची नोकरी, तिच्या बहिणीकडच्या चकरा, बाजार, कुणाला आणायचं, कुणाला सोडायचं. गाडीला उसंत म्हणून नसायची. आता उसंतच उसंत होती. तेलाकडे बघताना त्याला एकदम फार वाईट वाटलं, आणि तेलाकडे बघून वाईट वाटतंय म्हणून स्वतःची चीडही आली.

कारखान्यात फोरमनचा एक नियम होता. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. "आपल्या पोराचा शेंबूड आपल्याला दिसत नसतो," असं तो म्हणायचा. पहिली जुनी गाडी घेतली तेव्हा हाच नियम त्याने घरी आणला. तो गाडीखाली, बायको बाहेर. तेल गाळणारा जुना फिल्टर सुटला की तो खालूनच हात बाहेर काढून तिला द्यायचा. फिल्टरच्या तोंडाला रबराची रिंग असते. कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते, आणि तिच्यावर तसाच नवा फिल्टर चढवला तर दोन रबरं एकमेकांवर नीट बसत नाहीत, तेल बाहेर येतं. म्हणून बायको फिल्टर उलटा करून बघायची आणि ओरडायची, "रिंग आली!" त्यानंतरच फोरमन नव्या फिल्टरला हात लावायचा. शेवटी तो आत बसून इंजिन चालू करायचा आणि ती बॅटरीचा उजेड पाडत खाली वाकायची. थेंब दिसला नाही की म्हणायची, "पास!" इतक्या वर्षांत रिंग त्याने स्वतः एकदाही बघितली नव्हती. ते त्याचं कामच नव्हतं.

आजही फिल्टर सुटला. तेलाने माखलेला हात सवयीने गाडीखालून बाहेर गेला आणि तसाच थांबला. फिल्टर कुणी घेईना. मनगटावरून तेलाचा ओघळ कोपरापर्यंत आला, बाहीत शिरला, तरी हात बाहेरच. मग फोरमनच्या लक्षात आलं. त्याने हात झटकन आत ओढला, फिल्टर घमेल्यात टाकला आणि पलीकडून कुणी बघितलं तर नाही ना म्हणून मान वळवली. शेजारचं मांजर तेवढं बघत होतं. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला गेला तर हाताचं तेल डोळ्यात गेलं, आणि मग काय, खऱ्याखोट्याचा निवाडा करायची सोयच उरली नाही. त्याच तिरमिरीत त्याने नवा फिल्टर उचलला, त्याच्या रिंगला तेलाचं बोट लावलं, हाताने आवळून बसवला, बोल्ट पक्का केला आणि बाहेर आला.

नरसाळ्याने नवं तेल ओतलं. इंजिन चालू केलं. समोरचा लाल दिवा लागला आणि विझला. "झालं," फोरमन आरशाला म्हणाला. "माझं काय अडतंय!"

दार उघडून, गुडघ्याची समजूत घालून तो वाकेपर्यंत अर्धी शेड मधाच्या रंगाची झाली होती. नवं कोरं तेल फिल्टरभोवतून भळाभळा वाहत होतं. त्याने धावत जाऊन इंजिन बंद केलं, त्या धावण्यात पाय घसरला, आणि दाराला धरून तो कसाबसा उभा राहिला. आपटलो असतो तर? कुणाला कधी कळलं असतं? हा विचार त्याने याआधी कधी मनाच्या उंबऱ्यात येऊ दिला नव्हता. आज तो थेट आत येऊन बसला.

लाकडाचा भुसा टाकला, जुने पेपर पसरले. फिल्टर नवा, आवळलेला नीट. घोडं पेंड कुठे खातंय तेच कळेना. तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा फोन. करंगळीने त्याने तो कसाबसा उचलला.

"अहो, हे काय तोंडाला? काळं फासलंय की काय कुणी?" पडद्यावर बायको.

"तेल बदलतोय."

"एकटेच?" ती म्हणाली. "मग रिंग कुणी बघितली?"

घमेल्यातून जुना फिल्टर काढून त्याने उलटा केला. तोंडाशी नुसता पत्रा.

"नाही ना आली?" ती हसायला लागली. "अहो, नुसता हात फिरवला असता तरी कळलं असतं!"

"ते माझं काम नाही," तो म्हणाला, आणि आवाज चढवायला गेला तर तो चढलाच नाही.

"बरं, जा आता. काढा ती."

नवा फिल्टर काढला तर जुनी रिंग इंजिनाला चिकटून बसली होती, चपटी आणि निगरगट्ट. नखाने सोलून काढली, जागा पुसली, फिल्टर पुन्हा बसवला. फोरमन नेहमी तेलाचा एक कॅन जास्तीचा आणून ठेवायचा, तो आज कामी आला. चालू करायला निघाला तशी ती म्हणाली, "थांबा. फोन खाली ठेवा गाडीच्या. मी बघते."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणार."

"ठेवा म्हणते ना!"

बॅटरी विटेला टेकवून त्याने फोन गाडीखाली उभा केला आणि इंजिन चालू केलं. खालून बारीकसा आवाज आला, "पास! एक थेंब नाही!"

फोरमनला इतका आनंद झाला की त्याने उगाचच हॉर्न वाजवला. मांजर पळालं. इंजिन बंद करून त्याने फोन उचलला.

"बघा," ती म्हणाली, "इथून पण जमलं की. मी उगाच जिवाला लावून घेते, तुमचं तिथे कसं होत असेल म्हणून." मग जरा हळू आवाजात, "तुम्ही सांगणार होतात ना आज? याला काय सांगू?"

तिच्या मागे भिंत होती आणि भिंतीवर कुणाचंतरी चित्र. त्या घरात तिची बसायची जागा कुठली, ते फोरमनला माहीत नव्हतं. केस जास्त पांढरे झाले होते. दर रविवारी बघत होता, तरी आज दिसलं.

"तू परत ये," तो म्हणाला.

ती म्हणाली, "कशाला?"

ती रागाने विचारत नव्हती. खरंच विचारत होती. फोरमनने कारण शोधायला सुरुवात केली. स्वयंपाक? त्याला येत होता. कपडे मशीन धुवायचं. औषधं वेळेवर घेत होता. तेलाचं म्हणावं, तर ते तिने आत्ताच तिकडे बसून पास केलं होतं. एकेक कारण उचलून बघावं, तर ते काम झालेलंच असायचं.

"काही काम नाही," तो म्हणाला. "नुसतीच ये."

पलीकडे नातवाने रडायला सुरुवात केली आणि मुलाची हाक आली, "आई, जरा बघतेस का याला?"

"तू बघ," ती मान न वळवता म्हणाली. "मी बोलतेय."