घसरलेला पाय

किल्लारीच्या शेषेराव पैलवानांच्या आत्मचरित्रावरचा सिनेमा लातुरात लागला, तेव्हा ते जुना जोडीदार रामलिंगला हौसेनं सोबत घेऊन गेले. दोघांच्या शेवटच्या कुस्तीत रामलिंगचा पाय घसरला, असं त्यांनी पुस्तकात लिहिलं होतं. पण सिनेमावाल्यांनी जुन्या पंचांना गाठलं होतं, आणि पंचांनी इतक्या वर्षांनी तोंड उघडलं होतं. पडद्यावरच्या शेषेरावानं सलामीची माती मुठीत धरली आणि सरळ रामलिंगच्या डोळ्यांत फेकली.

खुर्चीत शेषेरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी बघायची छाती होईना.

बाहेर आल्यावर रामलिंगनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुस्तकच बरं हाय गड्या," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी बी समद्यांना तेच सांगत आलोय."